जोडीची शिट्टी

“एवढं एक लक्षात ठेवा हं. इथं जोडीदाराला सांगितल्याशिवाय कुणी कुठं जात नाही. मुलं नाहीत, आणि मुलांना भेटायला कुणी आलंच, तर तेही नाहीत.”

शिबिराच्या पहिल्या सकाळी फाटकापाशी उभं राहून अनसूयाताईंनी हे हसत हसत सांगितलं होतं. इराची आई वृषाली तेव्हा इराच्या सॅकची चेन पुन्हा एकदा ओढून बघत होती. “हो हो,” ती म्हणाली. म्हणाली खरी, पण ते बोलणं तिच्या कानावरून नुसतं वाहून गेलं. तिच्या डोक्यात त्या वेळी सर्दीचं औषध होतं, उकळलेलं पाणी होतं आणि झाडांपलीकडे दिसणारी नदी होती.

मित्रांनो, मला हे नीट आठवतं, कारण त्या वेळी मी अनसूयाताईंच्या गळ्यातच होते. मी शिट्टी. पितळेची, जुनी, एका बाजूला पोचा पडलेली. माझी गोष्ट सांगायची तर वृषालीची आणि इराचीही सांगावी लागते. पण आधी माझं थोडं ऐका.

माझा जन्म लांबच्या एका शहरात, एका कारखान्यात झाला. पितळेचा पातळ पत्रा कापून वाकवला, कडा जोडल्या आणि माझं पोट तयार झालं. मग पोटात बुचाची एक इवलीशी गोळी सोडली. ती गोळी म्हणजे माझा जीव. कुणी फुंकर घातली की ती गरगर फिरते आणि मी ओरडते. वरून मला चांदीसारखं चकचकीत पाणी चढवलं होतं. बारामतीच्या खेळाच्या दुकानात काचेच्या कपाटात मी अगदी पुढे बसायचे, आणि येणारी-जाणारी मुलं काचेला नाक लावून माझ्याकडे बघायची.

लोणी भापकरच्या शाळेत चिंतामण सर खेळ शिकवायचे. त्यांनी मला घेतलं, लाल दोरीत ओवलं आणि गळ्यात घातलं. आम्हा शिट्ट्यांना माणूस चेहऱ्यावरून कळत नाही, श्वासावरून कळतो. सरांच्या श्वासाला लवंगेचा वास होता. कबड्डीच्या वेळी तो श्वास धारदार व्हायचा आणि लंगडीच्या वेळी लाडात यायचा. पोरं म्हणायची, “सर रागावलेत का, ते शिट्टी सांगते.” असं कुणी म्हटलं की मला माझा फार अभिमान वाटे.

हिवाळ्यात सर मुलांना शिबिराला न्यायचे. दोन जुन्या ताडपत्र्या, चार बांबू आणि एक मोठं पातेलं, एवढंच त्यांचं सामान. घरी स्वतःच्या हाताने पाणीही न घेणारी मुलं तिथं पिठलं ढवळायची, खरकटी ताटं राखेने घासायची आणि रात्री चांदण्या बघत झोपायची. परत येताना एसटीत त्यांचे आवाज बदललेले असायचे. बसलेल्या घशाचे, पण मोठे.

जोडीचा नियम तिथलाच. सर सांगायचे, “मी काही सारखा तुमची डोकी मोजत बसणार नाही. मी मोजायला बसलो की नेमका एखादा झाडावर असतो. प्रत्येकाने एकाला सांभाळायचं. एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या झाल्या, की असाल तिथं जोडीदाराचा हात धरायचा आणि वर करायचा. मला फक्त हात दिसले पाहिजेत.”

तो आवाज मी इतक्या वेळा काढला आहे, की आता झोपेतही काढीन.

पुढे सर निवृत्त झाले. शाळेत विजेची घंटा आली, मैदानावर माइक आला. मी सरांच्या घरी बिस्किटांच्या एका डब्यात जाऊन पडले. माझ्या सोबतीला खिळे, सुकलेली पेनं आणि एक किल्ली होती. त्या किल्लीचं कुलूप कुठं आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांचा नातू अद्वय कधीमधी मला काढायचा. राजगिऱ्याचा लाडू खाता खाता फुंकायचा. एकदा लाडवाचे कण आत गेले आणि माझी गोळी चिकटली. मी मुकी झाले. मग तोही मला विसरला. मित्रांनो, डब्यातला अंधार वाईट असतोच, पण आपल्याला कुणी शोधत नाही हे कळणं त्याहून वाईट असतं.

सरांची मुलगी म्हणजे अनसूयाताई. त्या बारामतीच्या एका कॉलेजात शिकवतात आणि सुट्टीत मुलांची शिबिरं घेतात. पहिल्या शिबिराच्या आधी सरांनी स्वतः डबा उघडून मला बाहेर काढलं. “ही घेऊन जा. तुझा तो फोन चार्ज करावा लागतो. हिला नुसता दम लागतो,” ते म्हणाले. ताईंनी मला चिंचेच्या कोळाने घासलं आणि टाचणीने आतले कण काढले. गोळी सुटली. मी पहिल्यांदा वाजले तेव्हा सर खुर्चीतून अर्धे उठले. माझं चकचकीत पाणी केव्हाच उडालं होतं, पण आवाज तोच होता.

आता इराकडे येते.

दिवाळी झाली होती आणि सुट्टीचे थोडे दिवस उरले होते. नरसिंहपूरजवळ पेरूची एक बाग आहे. भीमा आणि नीरा जिथं भेटतात, तिथून फार लांब नाही. पहाटे देवळातली घंटा बागेत ऐकू येते. तिथं ताईंनी तंबू लावले होते. बागेच्या एका अंगाला उभा ऊस होता आणि उसापलीकडे डांबरी रस्ता.

इरा सहावीतली. बारामतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी, आई-बाबांची एकुलती एक. तिचे बाबा मिहिर एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहेत. इरा हुशार, नीटनेटकी, आणि इतकं हळू बोलणारी की बाईंनी हजेरी घेताना तिचं ‘हजर’ दोनदा विचारावं. गेल्या वाढदिवसाला तिने वर्गात कुणालाच बोलावलं नव्हतं. “कुणाला बोलावू?” तिने आईला विचारलं होतं. केक कापताना टाळ्या वाजवायला आई, बाबा आणि खालचे वॉचमनकाका होते. तो प्रश्न वृषालीच्या मनातून जाईना. एरवी ती लेकीला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी पाठवायची नाही. पण शिबिरासाठी नाव तिनेच दिलं. तिला फक्त एवढंच हवं होतं, की परत येताना इराला एक मैत्रीण असावी. एकच, पण खरी.

ताईंनी इराची जोडी छकुलीशी लावली. छकुली अंथुर्णे गावची. तिच्या घरी वांगी, टोमॅटो, गवार पिकते आणि पहाटे बाजाराला जाते. तिचे आजोबा, आबासाहेब, तिला मोटारसायकलवर पुढे बसवून सोडायला आले होते.

छकुलीने इराला खालून वर बघून घेतलं. “पवता येतं?”

“नाही.”

“सायकल?”

“थोडी.”

“मग येतंय तरी काय तुला?”

इराने बराच विचार केला. “इडली.”

“आगं बाई! मग जमलं आपलं!” छकुली म्हणाली, आणि इराची सॅक स्वतःच्या खांद्यावर टाकून चालूही लागली.

पुढच्या दोन दिवसांत मी ताईंच्या गळ्यातून पुष्कळ बघितलं. तंबूच्या दोऱ्या ताणताना इराच्या हाताला फोड आला आणि तिने तो सगळ्यांना दाखवला, शाळेतल्या बक्षिसासारखा. जेवणात मीठ जास्त झालं म्हणून मुलांनी तिला ‘मिठागर’ म्हटलं. ती आधी रडवेली झाली, मग स्वतःच हसली. छकुलीने तिला पाखरं हाकायची आरोळी शिकवली. बाजरीच्या राखणीला छकुली ती नेहमीच द्यायची. “हाऽऽ हुर्रर्रऽऽ! पोटातनं काढ. हां, आता तू.”

इराने आरोळी दिली.

“आगं, ह्या आवाजानं पाखरू उडायचं सोड, जवळ येऊन बसंल!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र अंधारून आलं तशी इरा गप्प झाली. “मला घरी जायचंय,” ती म्हणाली.

“जा की. हितनं उसात शिरायचं, सरळ गेलं की डांबरी. चालत निघालीस तर पुढच्या दिवाळीला पोचशील बारामतीला.”

इराला हसू आलं. थोड्या वेळाने ती छकुलीला टेकून झोपून गेली. पण छकुलीला ते ‘घरी जायचंय’ लक्षात राहिलं होतं.

शिबिरात मुलांना फोन नसतो. पालकांसाठी ताई रोज संध्याकाळी ग्रुपवर एक फोटो टाकायच्या. त्या संध्याकाळचा फोटो चुलीपाशी काढलेला होता. वृषालीने तो बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला, इराच्या चेहऱ्याचे नुसते ठिपके होईपर्यंत मोठा केला. पुढचं मिहिरनेच नंतर हसत हसत ताईंना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

“रडलीय ती. डोळे बघ.”

“अगं, धूर गेला असेल.”

“धूर? मग शेजारची मुलगी कशी हसतेय?”

“तिला सवय असेल.”

“तुला काही वाटतच नाही,” वृषाली म्हणाली. आणि सकाळी उठून तिने मेतकूट-भात केला, वर तूप घातलं, डबा टॉवेलात गुंडाळला.

मित्रांनो, तिला हसू नका. ज्याला काळजी वाटते, त्याला फोटोत धूर दिसत नाही.

ताई भेटू देणार नाहीत, हे वृषालीला ठाऊक होतं. शेवटच्या दिवसाआधी भेटायचं नाही, असं ठरलेलं होतं. म्हणून तिने डांबरीवर गाडी थांबवायला लावली. उसाच्या कडेच्या बांधावरून ती एकटीच चालत आली. मिहिर मागून म्हणाला, “आपण काय पेरू चोरायला आलोय का?” तिने वळूनही बघितलं नाही.

त्या दुपारी काय झालं, तेही दोघींनी नंतर ताईंना सांगितलं तेव्हाच मला कळलं. जेवणं झाली होती. मुलं झाडांखाली लवंडली होती. पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे नळ होता, तिथं इरा एकटीच ताट घासत होती. छकुली दोघींच्या बाटल्या भरायला प्यायच्या पाण्याच्या पिंपाकडे गेली होती.

“इरू!”

इरा दचकली. मग धावत येऊन आईच्या कमरेला बिलगली.

“चल, बाबा गाडीत आहेत. दोन घास खा आणि ये परत.”

“मी आत्ताच जेवले, आई.”

“बघू तुझं पोट! चल.”

“थांब, छकुलीला सांगून येते.”

“अगं, दहा मिनिटांचं काम. तिला कशाला सांगायचं? सगळीकडे बोभाटा होईल.”

इराने एकदा मागे वळून बघितलं. पण आईचा हात तिच्या मनगटावर होता आणि तो हात तिला सवयीचा होता. ती गेली.

छकुली बाटल्या घेऊन आली, तर नळापाशी अर्धवट घासलेलं ताट पडलेलं. इरा नाही. तंबूत नाही. पेरूच्या ओळींत नाही. तिला कालची संध्याकाळ आठवली. उसातली वाट आपणच दाखवली, चेष्टा म्हणून! ताईंना सांगावं, तर इराला बोलणी बसतील, कदाचित घरी पाठवतील. त्यापेक्षा आपणच गाठू आणि गुपचूप घेऊन येऊ, असं तिने ठरवलं. बाटल्या ताटाशेजारी ठेवल्या आणि ती उसात शिरली.

त्यानंतर थोड्याच वेळाने ताईंनी मला ओठाला लावलं. एक लांब, दोन आखूड.

झाडांखालून हात वर झाले. जोडी, जोडी, जोडी. पण मधे एक जागा मोकळी राहिली, समोरचे दात पडलेल्या तोंडासारखी. ताईंनी पुन्हा फुंकलं. त्यांचा श्वास नेहमी कसा संथ आणि सरळ, पण या वेळी त्याला मधेच हिसका बसला.

“इरा-छकुली कुठंयत?”

कुणालाच ठाऊक नव्हतं. नळाशी ताट सापडलं, शेजारी भरलेल्या दोन बाटल्या सापडल्या. ताईंनी आधी नदीच्या बाजूला नजर टाकली. मला त्यांच्या छातीचे ठोके लागत होते.

तेवढ्यात बांधावरून इरा येताना दिसली. डोक्याला कानटोपी, ओठाच्या कोपऱ्याला भाताचं शीत. मागे वृषाली, तिच्या मागे मिहिर. ताईंनी पळत जाऊन इराला जवळ घेतलं, आणि लगेच विचारलं, “छकुली कुठंय?”

“ती... ती पाणी भरायला गेली होती.”

वृषालीने एकदा मुलांकडे बघितलं, एकदा त्या दोन बाटल्यांकडे. तिचा चेहरा पांढरा पडला. पहिल्या सकाळी फाटकापाशी सांगितलेले ताईंचे शब्द आता कुठे तिच्या कानात शिरले.

बागेचे राखणदार म्हस्कूमामा उसाच्या कडेला वाकून बघत होते. “हितनं शिरलीया पोर. पाला मोडलाय. आन कालच पाणी दिलंय, समदा राडा-चिखल हाय आत. पुढं ऊस पडलाय, त्यात अडकलं तर मोठं माणूस बी भाईर येत न्हाय.”

“बिबट्या...” वृषालीच्या तोंडातून निघून गेलं. गेल्या आठवड्यात पलीकडच्या शिवारात ठसे दिसल्याचं तिने मोबाइलवर वाचलं होतं.

“ते नाव काढू नका आत्ता,” ताई म्हणाल्या. त्यांनी मला गळ्यातून काढलं आणि वृषालीच्या हातात ठेवलं. “मी आणि मामा आत जातो. उसात शिरलं की दिशा कळत नाही. तुम्ही इथंच उभ्या राहा आणि वाजवत राहा. एक लांब, मग थांबून ऐकायचं. तिला कळेल बाहेर कुठं आहे, आणि आम्हालाही परतीची वाट कळेल. हलू नका इथून.”

“मी? मला नाही...”

“तुम्हीच.” एवढं म्हणून ताई उसात दिसेनाशा झाल्या.

वृषालीने मला ओठाला लावलं. मित्रांनो, तसा श्वास मी आयुष्यात अनुभवला नव्हता. ओला, तुटका, घाबरलेला. माझी गोळी जागची हललीसुद्धा नाही. नुसती फुर्र झाली.

“आई,” शेजारून इरा म्हणाली, “पोटातनं फुंक.”

वृषालीने डोळे मिटले आणि फुंकलं. मी ओरडले. असा आवाज लोणी भापकरच्या मैदानावरही मी कधी काढला नव्हता.

मग शांतता. बांधावर सगळी मुलं जोडीजोडीने हात धरून बसली होती आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. दोन दिवसांपूर्वी हीच मुलं जेवणाच्या रांगेत कावळ्यांसारखी ओरडत होती. आता ती कान देऊन ऐकत होती. एवढ्या मुलांमध्ये इरा तेवढी एकटी उभी होती. तिचा हात कुणाच्या हातात नव्हता.

पुन्हा लांब शिट्टी. पुन्हा शांतता. उसाचा पाला खसखस करत होता, बाकी काही नाही.

“ती माझ्यामुळे गेली,” इरा म्हणाली. “मी काल घरी जायचंय म्हणाले होते. ती मला शोधायला गेली, आई.”

वृषालीने मला पुन्हा ओठाला लावलं. तिने फुंकलं.

आणि मग, फार लांबून, पाल्याच्या आतून, पुसट पुसट काहीतरी आलं. कुणाला ते पाखरू वाटलं. कुणी म्हणालं, मोटारीचा आवाज असेल. इराने मात्र हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पुन्हा तोच आवाज. हाऽऽ हुर्रर्र...

“तितं हाय!” इरा ओरडली. वर्गात जिचं ‘हजर’ ऐकू येत नव्हतं, तीच ही इरा. “ताई! मामा! डावीकडं! त्या वाकलेल्या उसाकडं! छकुलीऽऽ, मी हितं हाय गं!”

वृषालीने लेकीकडे बघितलं. हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. मग तिला आठवलं की आपल्याला फुंकायचंय. ती फुंकत राहिली, थांबत राहिली. इरा आरोळ्या देत राहिली, आतून उत्तर येत राहिलं, आणि त्या आवाजाच्या रोखाने म्हस्कूमामा ऊस बाजूला सारत गेले.

मामांनी छकुलीला पाठुंगळी घेऊन आणलं. ती चिखलाने भरली होती. पडलेल्या उसात पाय अडकून घोटा टम्म सुजला होता. गालांवर पाल्याचे बारीक लाल ओरखडे होते. इरा दिसताच ती पहिलं काय म्हणाली असेल?

“तू घरी न्हाय गेलीस व्हय?”

इराने नुसती मान हलवली.

मग छकुलीने गालावरचा चिखल पुसला. “मग सांगता आलं न्हाय व्हय गं तुला? मी येडी, उसात बोंबलत फिरतीया!” तिने मामांच्या खांद्यावर तोंड फिरवलं. इराने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

त्या वेळी वृषाली पुढे झाली. “बाळा, ती सांगणारच होती. मीच सांगू दिलं नाही. तिच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागव.”

छकुलीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि नाक पुसलं. मोठ्या माणसांवर कसं रागवायचं, हे तिला ठाऊक नसावं.

आबासाहेबांना फोन गेला. ते आले ते मोटारसायकल नीट उभी न करताच. ती मागे आडवी झाली. नातीचा पाय बघून त्यांनी तिला उचलूनच घेतलं. मिहिरने गाडी बांधापाशी आणली आणि आजोबा-नातीला डॉक्टरकडे नेलं.

वृषाली फाटकापाशी थांबली. इरा पलीकडे दगडावर बसली होती. तिने कानटोपी काढून ठेवली होती. “ती परत येईल ना?” तिने विचारलं. वृषाली रस्त्याकडे बघत राहिली. कोणते आजोबा आणतील? आपण असतो तर आणली असती? लेकीसाठी आपण जे मागत होतो, ते आपल्याच हाताने मोडलं, असं तिला वाटत होतं. मला तिने अजून मुठीत घट्ट धरलं होतं. 

ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “माझंही चुकलंच. दुपारी सगळी पडलेली असतात म्हणून मी शिट्टी उशिरा वाजवली. उद्यापासून नळावरही दोघा-दोघांनीच जायचं.”

उन्हं कलताना गाडी आली. आधी आबासाहेब उतरले. हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. वृषाली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “आबा, माझ्यामुळे झालं. मी माझ्या मुलीला चोरून जेवायला नेलं.”

आबासाहेबांनी विचारलं, “काय आणलं व्हतं?”

“मेतकूट-भात.”

“मग बाई, आणायचाच व्हता तर दोघींचा आणायचा की! जोडी हाय न्हवं ती?”

वृषालीला हसावं का रडावं कळेना. म्हाताऱ्याचे डोळेही भरले होते. ते जरा जवळ येऊन पुटपुटले, “आन तुमास्नी काय बोलू मी? रोज सांजच्याला खताच्या निमतानं ह्या रस्त्यानं जातूय. कुंपणातनं ही दिसती का बघतूय, अन् मग जातूय घरी. खत आजून घेतलंच न्हाय.”

“तरीच मला रोज मोटारसायकल ऐकू यायची,” ताई म्हणाल्या.

“बरं, चल छकुले, सामान घे. पायाला आराम पायजे.”

छकुली गाडीच्या दारात बसून होती, पट्टी बांधलेला पाय बाहेर काढून. इरा तिच्यापासून चार पावलांवर उभी होती. जवळ जायचं तिचं धाडस होत नव्हतं.

“मी न्हाय येणार,” छकुली म्हणाली.

“का गं?”

“हिला वल्या लाकडावर चूल पेटवता येत न्हाय आजून. समदी उपाशी मरतील.” मग इराकडे न बघताच ती म्हणाली, “उभी काय राह्यलीस? खांदा दे की.”

इरा धावली. छकुलीचा हात तिने आपल्या मानेभोवती घेतला. दोघी लंगडत निघाल्या, तीन पायांवर. चार पावलं गेल्यावर छकुली म्हणाली, “पुन्यांदा न सांगता गेलीस ना, तर बघ.”

“नाही जाणार.”

“आरोळी मातुर बरी दिलीस. पाखरू उडालं आसंल आज.”

वृषाली तिथंच उभी होती. कानटोपी द्यावी, पायाचं औषध कसं लावायचं ते सांगावं, रात्री पांघरूण नीट घ्यायला सांगावं, असं बरंच काही तिच्या ओठांवर आलं होतं. इराने एकदा मागे वळून बघितलं आणि मोकळा हात हलवला. वृषालीनेही हात हलवला. मग तिने मला ताईंच्या हातात ठेवलं आणि मिहिरला म्हणाली, “चल, जाऊ या आपण.”

गाडी वळली तोवर ताईंनी मला ओठाला लावलं होतं. एक लांब, दोन आखूड. बागेतून हात वर झाले, आणि तंबूपाशी दोन चिखलाचे हातही एकमेकांत अडकून वर झाले. एक हात जरा डगमगला, कारण छकुलीचा एक पाय नीट टेकत नव्हता.

मित्रांनो, आज माझा पितळेचा रंग काळवंडला आहे आणि गोळीही झिजली आहे. म्हातारपणी बाकीच्या वस्तू मागतात तसं, मला घासा, मला जपा, असं मी मागणार नाही. मला दुसरंच काही मागायचं आहे. तुमच्याजवळ असं कुणी असेल, ज्याचा आवाज तुम्ही बऱ्याच दिवसांत ऐकला नाही. वर्गात न आलेली एखादी मुलगी असेल, खेळायला खाली न उतरणारा शेजारचा मुलगा असेल, किंवा फोनवर “बरं आहे” एवढंच म्हणणारी तुमची मावशी असेल. शिट्टी वाजायची वाट बघू नका. हे पान इथंच ठेवा, चपला घाला, आणि जाऊन त्यांना एकदा बघून या.